मुलांसाठी हॅमस्टर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्य असेल तर हॅमस्टर घरी आणण्याआधीच हे वाचा. पुढे त्रास देणाऱ्या बहुतेक चुका पहिल्या आठवड्यात होतात, आणि त्यातल्या निम्म्या तर दुकानातच.

१. हॅमस्टर म्हणजे नेमकं काय? पांढरा उंदीर, गिनी पिग आणि हॅमस्टर एकच का?

नाही. हॅमस्टर कुरतडणारा प्राणी आहे, पण त्याची शेपटी जेमतेम सेंटिमीटरभर असते. पांढऱ्या उंदराची शेपटी त्याच्या अंगाएवढी लांब असते, तेव्हा दुकानात फसवणूक होऊ नये म्हणून आधी शेपटी पाहा. गिनी पिग बराच मोठा असतो, जवळजवळ किलोभर वजनाचा. तो दिवसा जागा असतो आणि मुख्यतः गवत खातो. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. त्यात तो दाणे भरून बिळात नेऊन साठवतो. आज घरोघरी पाळले जाणारे सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टर १९३० साली सीरियात अलेप्पोजवळच्या शेतात खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. कोरड्या प्रदेशात, खोल बिळात, एकटा राहणारा हा प्राणी आहे. पुढची बरीच उत्तरं यातूनच निघतात.

२. मुलगी पाच वर्षांची आहे, रोज हट्ट करते. घेऊन द्यावा का?

घ्यायचा तर घ्या, पण तो तुमचा असेल, तिचा नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना हलकं धरणं जमत नाही. हॅमस्टर सुळकन निसटू लागला की मूल मूठ आवळतं, तो चावतो, मूल हात झटकतं आणि तो खाली पडतो. उभ्या मुलाच्या हातातून फरशीवर पडलेल्या हॅमस्टरचा पाय किंवा मणका मोडू शकतो.

आमचा साधारण हिशेब असा: सहा वर्षांच्या आतल्या मुलानं फक्त पाहायचं आणि दाणा द्यायचा. सहा ते आठमधल्या मुलानं जमिनीवर मांडी घालून, मोठं माणूस शेजारी असताना हातात घ्यायचं. नऊ-दहाच्या पुढे खाणं-पाणी मुलाकडे सोपवता येतं, तरी रात्री एकदा नजर टाकायची ती तुम्हीच.

दुसरी अडचण वेळेची. हॅमस्टर दिवसभर झोपतो आणि रात्री नऊ-दहाच्या पुढे बाहेर येतो. मूल साडेनवाला झोपत असेल तर त्याला पिंजऱ्यात फक्त भुशाचा ढीग दिसेल. दुपारी उठवून खेळवला तर तो चिडका होतो आणि चावायला शिकतो.

३. मग लहान मुलाला कोणता प्राणी बरा?

मांडीवर घेऊन बसायचं असेल तर गिनी पिगची जोडी, दोन्ही माद्या. दिवसा जागे असतात, क्वचित चावतात. मात्र जागा आणि रोजचा गवत-पाला जास्त लागतो. नुसतं पाहायचं असेल तर मासे. रानातला हिरवा पोपट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही.

४. कोणत्या जातीचा हॅमस्टर मुलांसाठी चांगला?

सीरियन. अंगानं मोठा (साधारण १५ सेंटिमीटर, १०० ते १५० ग्रॅम, मादी थोडी जास्त), चालीनं सावकाश, आणि दोन्ही तळहातांच्या ओंजळीत नीट मावतो. मुलाच्या हातात काहीतरी आहे हे मुलाला जाणवतं, त्यामुळे पकड आपोआप सैल राहते.

बुटक्या जातींत कॅम्बेल आणि विंटर व्हाइट येतात. आकार ८ ते १० सेंटिमीटर, वजन ३० ते ५० ग्रॅम. आपल्याकडच्या दुकानांत या दोहोंचे संकरच जास्त दिसतात. त्यांच्यात मधुमेहाची प्रवृत्ती असते, म्हणून त्यांना फळं आणि गोड काही देऊ नये. रोबोरोव्हस्की, म्हणजे दुकानदारांचा ‘रोबो’, सगळ्यात लहान आणि विजेसारखा चपळ. पाहायला मोठा गमतीचा, हातात घ्यायला जवळजवळ अशक्य. मुलासाठी हवा असेल तर काचेआडून पाहण्यापुरताच.

आयुष्य साधारण दोन ते अडीच वर्षं. रोबो तीनपर्यंत जातात. तिसरीतल्या मुलासाठी आणलेला हॅमस्टर ते पाचवीत असताना जाईल, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

५. दुकानदार ‘टेडी बेअर’, ‘पांडा’, ‘अल्बिनो’ म्हणतो. या वेगळ्या जाती आहेत का?

नाहीत. टेडी बेअर म्हणजे लांब केसांचा सीरियन, पांडा म्हणजे काळा-पांढरा रंग, अल्बिनो म्हणजे पांढरा रंग आणि लाल डोळे. नावासाठी जास्त पैसे देऊ नका. लांब केसांच्या नराच्या मागच्या केसांत भुसा अडकतो, तो हातानं काढावा लागतो.

६. नर घ्यावा की मादी? ओळखायचं कसं?

स्वभावात फार फरक नसतो. नर थोडे शांत, माद्या जास्त धडपड्या. दुकानदारालाही नर-मादी ओळखता येतंच असं नाही, म्हणून स्वतः पाहा. पोटाकडून पाहिल्यावर लघवीची जागा आणि गुदद्वार यांत ठळक अंतर दिसलं तर नर, दोन्ही अगदी जवळ असतील तर मादी. वाढलेल्या सीरियन नराच्या मागच्या बाजूला दोन फुगवटे दिसतात. ते वृषण असतात, गाठ नव्हे. मादी घ्यायची असेल तर प्रश्न २० आधी वाचा.

७. एकटा कंटाळेल ना? दोन घेतले तर?

नको. यात अपवाद शोधू नका. सीरियन हॅमस्टर सहा-आठ आठवड्यांचा झाला की दुसरा हॅमस्टर त्याला सोबती वाटत नाही, हद्दीत घुसलेला शत्रू वाटतो. दुकानातल्या पिंजऱ्यात पाच-सहा एकमेकांवर झोपलेले दिसतात ते अजून लहान असतात म्हणून. सख्खी भावंडंसुद्धा रात्रीतून एकमेकांना फाडतात, आणि सकाळी ते मुलाच्या नजरेला पडतं. नर-मादी ठेवले तर सुमारे १६ दिवसांत पिल्लं.

बुटक्या जाती काही वेळा जोडीनं राहतात हे खरं, पण तीही जोडी कधी बिनसेल सांगता येत नाही आणि मग दुसरा पिंजरा लागतोच. दोन मुलं आहेत म्हणून दोन हॅमस्टर हवे असतील तर दोन पूर्ण वेगळी घरं लागतील.

८. एकूण खर्च किती येतो?

प्राणी काही शे रुपयांत मिळतो आणि तिथेच गल्लत होते. खरा खर्च घराचा (प्रश्न ९), चाकाचा आणि डॉक्टरांचा. हॅमस्टरच्या किमतीच्या किमान आठ-दहा पट रक्कम सुरुवातीच्या सामानाला बाजूला काढा, आणि आजारपणासाठी थोडी वेगळी. ‘दोनशेच्या उंदरावर हजार रुपये डॉक्टरला कशाला’ असा विचार घरात होणार असेल तर तो आजच बोलून घ्या, जनावर आणल्यावर नको.

९. दुकानातला रंगीत दुमजली पिंजरा चालेल का?

नाही. ते पिंजरे साधारण फूट-सव्वा फूट लांब असतात. त्यात हॅमस्टर गज चावत बसतो, त्यानं दात वाकडे होतात आणि नाक सोलवटतं. मजल्यांचाही उपयोग नाही, कारण त्याला चढायचं नसतं, खणायचं असतं.

तळाची सलग जागा किमान १०० बाय ५० सेंटिमीटर धरा. आपल्याकडे सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे माशांची जुनी चार फुटी काचेची टाकी. गळकी असली तरी चालते, म्हणून ती कमी किमतीत मिळते. तडा मात्र नसावा. कडांवरून हात फिरवून धार पाहा. वर लाकडी चौकटीत पाव इंची वेल्डेड जाळी ठोकून झाकण करून घ्या. काचेचं पूर्ण झाकण घालू नका, आत दमट होतं. जाळीचाच पिंजरा घ्यायचा असेल तर गजांमधलं अंतर सीरियनसाठी १ सेंटिमीटरच्या आत, बुटक्यांसाठी ७ मिलिमीटरच्या आत हवं. डोकं गेलं की अंग जातंच.

आत मांडणी करताना एक गोष्ट नेहमी चुकते. चाक, वाळूचं भांडं, मातीचं घर यांसारख्या जड वस्तू लोक भुशावर ठेवतात. हॅमस्टर त्याखाली बीळ खणतो आणि ते त्याच्या अंगावर बसतं. जड वस्तू थेट तळावर किंवा चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि भुसा त्यांच्याभोवती भरा. लपायला उलटी ठेवलेली, कडेला टवका उडालेली मातीची कुंडी उत्तम. आत गारवा राहतो, आणि त्या टवक्यातून हॅमस्टर आधी मिशा बाहेर काढून हवेचा वास घेतो, मग नाक, मग सगळा बाहेर येतो. भोक सीरियनसाठी किमान ५ सेंटिमीटर हवं, गाल भरून येतो तेव्हा त्याला तेवढं लागतं. धार असेल तर सँडपेपरनं घासून घ्या.

पिंजरा टीव्हीजवळ, खिडकीच्या उन्हात, स्वयंपाकघरात किंवा देवघराशेजारी नको. उदबत्ती, धूप आणि मच्छर कॉइल यांचा धूर त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. मुलाच्या खोलीतही शक्यतो नको, रात्री दोन वाजता चाक फिरतं.

१०. खाली काय अंथरायचं? सुताराकडून भुसा आणला तर?

सुताराचा भुसा नको. त्यात प्लायवुडचा गोंद, पॉलिश आणि बारीक धूळ असते. पाइन आणि देवदाराचा वासाचा भुसाही श्वसनाला त्रासदायक. कागदाच्या लगद्याचं तयार बेडिंग किंवा धूळ नसलेला, बिनवासाचा लाकडी कीस घ्या. घरट्यासाठी साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून द्या, तो स्वतः आत ओढून नेतो.

खोली महत्त्वाची. एका बाजूला निदान २० ते २५ सेंटिमीटर थर हवा, तरच बीळ टिकतं. ‘हॅमस्टर वूल’ नावानं मिळणारा कापूस घेऊ नका. त्याचे धागे पायाला गुंडाळून रक्त थांबतं आणि पोटात गेले तर आतडं अडतं. मक्याच्या कणसाचे तुकडे पावसाळ्यात बुरशी धरतात, कोकणात आणि मुंबईत तर हमखास.

सफाई रोज फक्त लघवीच्या कोपऱ्याची करा. सगळा भुसा एकदम कधीच बदलू नका. त्याचा स्वतःचा वास गेला की तो घाबरून दुप्पट लघवी करतो आणि घरातला वास उलट वाढतो. चार-सहा आठवड्यांनी दोन तृतीयांश बदला, एक तृतीयांश जुना ठेवा.

११. चाक किती मोठं? आणि हॅमस्टरला आत ठेवून पळवायचा तो पारदर्शक चेंडू?

सीरियनला २८ सेंटिमीटर व्यासाचं, बुटक्याला २० सेंटिमीटरचं. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे, वर वाकली तर चाक लहान आहे. पृष्ठभाग सलग हवा, गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. कुरकुरलं तर आसाला खोबरेल तेलाचा एक थेंब पुरे.

चेंडू नको. त्यात हवा खेळत नाही, फटींत नखं अडकतात, आणि तो त्यातून स्वतःहून बाहेर पडू शकत नाही. मुलांना फार आवडतो, तरी नको.

१२. दुकानात गेल्यावर काय काय पाहायचं?

संध्याकाळी सातनंतर जा. सकाळी सगळेच झोपलेले असतात आणि आजारी कोण ते कळत नाही.

आधी दुकान पाहा. २०१८ च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यानुसार दुकानाची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोचू नका. क्रॉफर्ड मार्केटसारख्या गर्दीच्या बाजारात पिंजऱ्यावर पिंजरे रचलेले दिसले, पाणी गढूळ असलं, नर-माद्या एकत्र असल्या, तर तिथून निघा. ‘बिचारा मरेल’ म्हणून आजारी पिल्लू विकत घेणं म्हणजे त्याच पिंजऱ्यात उद्या दुसरं ठेवायला पैसे देणं.

मग प्राणी पाहा. डोळे चमकदार आणि पूर्ण उघडे. नाक कोरडं. कानाजवळ धरल्यावर श्वासाचा टकटक आवाज नाही. अंगावर टक्कल पडलेले चट्टे नाहीत. शेपटीखालचा भाग कोरडा, हे सगळ्यात महत्त्वाचं (प्रश्न २१). पटाशीचे दात पिवळसर-नारिंगी दिसले तर घाबरू नका, हॅमस्टरचे निरोगी दात तसेच असतात. पाहायचं ते हे की वरचे आणि खालचे नीट जुळतात का. चालताना लंगडत नाही ना, आणि हात जवळ नेल्यावर हुंगायला येतो की उताणा पडून किंचाळतो, तेही पाहा. उताणा पडणारा मुलासाठी नको.

वय पाच ते आठ आठवडे असावं. ज्या पिंजऱ्यातला एकही आजारी दिसतो, त्यातला ‘बरा वाटणारा’ही घेऊ नका. फोटो पाहून मागवणं, बसच्या पार्सलनं बोलावणं हे तर अजिबात नको.

येताना त्याच्या पिंजऱ्यातला मूठभर जुना भुसा मागून घ्या आणि नवीन घरात टाका. ओळखीचा वास पहिल्या रात्री फार उपयोगी पडतो.

१३. वाढदिवसाला सरप्राइज म्हणून आणला तर?

त्या दिवशी नको. पाहुणे, फुगे फुटणं, पंधरा मुलांचे हात, हे सगळं नव्या हॅमस्टरला आजारी पाडायला पुरेसं आहे. वाढदिवसाला रिकामी टाकी, चाक आणि कुंडी भेट द्या. मुलाला ते घर आठवडाभर मांडू द्या, मग दोघं मिळून हॅमस्टर आणायला जा. दिवाळीच्या आठवड्यातही नको, फटाक्यांमुळे.

१४. घरी आणल्यावर माणसाळवायचा कसा?

पहिले तीन-चार दिवस हात लावायचा नाही. खाणं-पाणी ठेवायचं आणि हळू आवाजात बोलायचं. त्यानंतर रोज रात्री दहा मिनिटं धुतलेला हात तळाशी उघडा ठेवायचा आणि त्याला हुंगू द्यायचं. हाताला वडा-चटणीचा वास असेल तर तो बोटाला खाऊ समजून चावेल, म्हणून साबणानं धुणं आधी. मग तळहातावर सूर्यफुलाचं एक बी. तो हातावर चढून बी गालात भरून पळतो, तेव्हा पकडायचं नाही. हे चार-पाच दिवस झालं की दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचलायचा. वरून हात कधीच न्यायचा नाही, त्याला घार झेपावल्यासारखं वाटतं.

उचलण्याआधी मुलाला जमिनीवर बसवा. हातात घेणं जमत नसेल तर कपात चढू द्या आणि कप उचला. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. काही हॅमस्टर कधीच मांडीवर रमत नाहीत आणि त्यात मुलाची चूक नसते, हे त्याला सांगा.

१५. खायला काय आणि किती?

मुख्य आहार म्हणजे १६ ते १८ टक्के प्रथिनं असलेलं हॅमस्टरचं तयार मिश्रण. सीरियनला रोज एक मोठा चमचा (१० ते १२ ग्रॅम), बुटक्याला एक छोटा चमचा. त्यात घरची बाजरी, ज्वारी, राळा, भगर, ओट चिमूटभर मिसळा. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला दोन-तीनच, त्यात चरबी फार.

भाजी नखाएवढी, आठवड्यातून तीन-चारदा: काकडी, ब्रोकोली, कोथिंबीर, थोडं गाजर. कांदा, लसूण, संत्रं-मोसंबी-लिंबू, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, टोमॅटोची पानं, चॉकलेट, फरसाण आणि बिस्किटं पूर्ण वर्ज्य. आजी-आजोबा प्रेमानं शेव किंवा पारले बिस्किटाचा तुकडा देतात, त्यांनाही ही यादी दाखवा.

वाटी रिकामी दिसली म्हणून लगेच भरू नका. त्यानं खाल्लेलं नसतं, बिळात नेलेलं असतं. कोरडा साठा राहू द्या, ओली भाजी मात्र दुसऱ्या दिवशी शोधून काढा. पाणी द्यायच्या बाटलीच्या नळीतली गोळी रोज बोटानं दाबून पाहा. बाटली भरलेली आणि गोळी अडकलेली, यानं हॅमस्टर तहानेनं मरतात.

१६. आमचं घर शाकाहारी आहे, अंडंही येत नाही. चालेल का?

चालेल, पण प्रथिनांची सोय करावी लागेल. हॅमस्टर मुळात किडेही खातो. उकडलेले मूग किंवा मसूर, बिनमिठाच्या घरच्या पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा, भोपळ्याच्या बिया, हे आठवड्यातून दोन-तीनदा द्या. तयार मिश्रणात वाळलेले किडे असू शकतात. ते घरात नको असतील तर घेण्याआधी पाकिटावरचे घटक वाचा.

१७. चावला तर रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागतं का?

घरात बंदिस्त वाढलेल्या हॅमस्टरकडून रेबीज होण्याची शक्यता जवळजवळ नसते, आणि असे लहान कुरतडणारे प्राणी चावल्यावर ती लस सहसा लागत नाही. तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, मुलाची धनुर्वाताची लस झाली आहे का पाहा, आणि जखम खोल असेल किंवा सुजली तर डॉक्टरांना दाखवा. कोण चावलं ते नीट सांगा. नुसतं ‘उंदीर चावला’ म्हटलं तर उपचाराची दिशाच बदलते.

१८. घरात गरोदर बाई किंवा दम्याचं मूल आहे. धोका आहे का?

गरोदरपणात नवीन हॅमस्टर आणू नका. काही हॅमस्टर आणि उंदरांकडून एलसीएमव्ही नावाचा विषाणू येऊ शकतो आणि तो गर्भाला घातक असतो. आधीपासून असेल तर पिंजऱ्याची सफाई दुसऱ्या कुणी करावी आणि डॉक्टरांना कल्पना द्यावी. दम्याच्या मुलाला आधी ओळखीच्या घरी हॅमस्टर आणि भुशाजवळ दोन-तीनदा बसवून पाहा. बरेचदा त्रास प्राण्यापेक्षा भुशाच्या धुळीचा असतो. हात लावल्यावर साबणानं हात धुणं सगळ्यांनाच सक्तीचं, कारण साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण होऊ शकते.

१९. विदर्भातल्या उन्हाळ्यात टिकेल का? आणि निफाडच्या थंडीत?

त्याला १८ ते २६ अंश मानवतं. ३० च्या वर तो अस्वस्थ होतो, ३५ च्या आसपास जिवावर बेततं. नागपूर-चंद्रपूर-अकोल्यात एप्रिल ते जून एसीची किंवा खरोखर गार खोलीची सोय नसेल तर हॅमस्टर घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. इतर ठिकाणी टाकी जमिनीलगत, सावलीच्या खोलीत ठेवा. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो त्यावर पोट टेकून पडतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून लावा. वीज जाण्याच्या दिवसांत अशा दोन बाटल्या फ्रीजरमध्ये तयार असू द्या. कूलरचा झोत थेट नको. पसरून पडला, तोंडाजवळ ओलं झालं, हाक मारून हलेना, तर गार (बर्फाच्या नव्हे) पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना आणि पायांना लावत डॉक्टरांकडे न्या.

थंडीत खोली १० अंशांच्या खाली गेली तर तो गुंगीत जाऊ शकतो. अंग थंडगार, श्वास मिनिटाला दोन-चार, आणि घरचे समजतात गेला. पुरण्याआधी थांबा. अंग लवचीक असेल, मिशा किंचित हलत असतील, तर ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या. तास-दीड तास लागू शकतो. गरम पाणी, हीटरचा थेट झोत नको. जागा झाल्यावर पाणी आणि खाणं द्या, आणि डॉक्टरांना दाखवा.

२०. दुकानातून एकटी मादी आणली आणि पंधरा दिवसांत पिल्लं झाली. आता?

दुकानात नर-मादी एकत्र असतात आणि पाच-सहा आठवड्यांची मादीही गाभण राहू शकते, म्हणून हे होतं. पिल्लं उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली असतात. दोन आठवडे त्यांना हात लावू नका, घरटं हलवू नका, सफाई करू नका. घाबरलेली आई पिल्लं खाते. मुलाला खोलीत एकट्यानं जाऊ देऊ नका. मादीला जास्त प्रथिनं आणि भरपूर पाणी द्या. चौथ्या आठवड्यात नर आणि माद्या वेगळे करा, सहाव्यापासून प्रत्येकाला वेगळी जागा. आठ-दहा पिल्लांना घरं शोधायची तयारी याच काळात करावी लागते.

२१. शेपटीखाली ओलं दिसतंय, सुस्त आहे. उद्या नेलं तर चालेल?

नाही, आजच. पिल्लांना नव्या घरी येण्याच्या ताणात होणारा हा जुलाबाचा आजार आहे, आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. गरम राहील असं पाहा, पाणी तोंडाशी थेंबथेंब द्या आणि निघा.

घरातलं मुलांचं अँटिबायोटिक सिरप कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं माणसाला चालतात, पण हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून त्याचाच जीव घेतात. कुत्र्या-मांजरांच्या सवयीतले डॉक्टरही क्वचित हे विसरतात, तेव्हा नम्रपणे विचारा.

हॅमस्टर पाहणारे डॉक्टर जनावर आणण्याआधीच शोधून ठेवा. मुंबईत परळ, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लहान कुरतडणारे प्राणी तपासतात का, ते आधी फोन करून विचारा.

२२. दोन्ही कुशींवर काळे डाग आहेत. जखम आहे का?

सीरियनच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जागी असतील तर त्या वासाच्या ग्रंथी. बुटक्यांत हीच ग्रंथी पोटावर असते. मादीला दर चार दिवसांनी थोडा पांढरट, उग्र वासाचा स्राव होतो, तोही नेहमीचा. एकाच बाजूला डाग, वाढणारी गाठ, किंवा रक्त दिसलं तर मात्र दाखवा.

२३. आंघोळ घालायची का?

पाण्यानं कधीच नाही. एका पसरट भांड्यात धुऊन वाळवलेली बारीक वाळू ठेवा, तो स्वतः लोळतो. टाल्कसारखी भुकटी नको.

२४. मुंग्या लागतात. आणि पेस्ट कंट्रोल करायचं आहे.

टाकीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि ओलं खाणं सकाळी काढा. लक्ष्मणरेषा टाकीजवळ ओढू नका. पेस्ट कंट्रोलच्या वेळी हॅमस्टर दुसऱ्या घरी हलवा आणि दोन दिवस तिथेच ठेवा. घरात उंदरांचं विष किंवा चिकट पॅड असतील तर हॅमस्टर येण्याआधी सगळे उचला. पळालेल्या हॅमस्टरचा शेवट बहुधा त्यावरच होतो. घरचे उंदीर टाकीपर्यंत येत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, कारण त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

२५. पळाला. कसा शोधायचा?

दारांच्या फटीत फडकी कोंबा, मांजर बाहेर काढा, दिवे बंद करा. प्रत्येक खोलीत पाच बिया मोजून ठेवा. ज्या खोलीतल्या गेल्या, तिथे आहे. रात्री त्या खोलीत खोल बादली ठेवा, तळाशी जाड फडकं आणि काकडी, आणि पुस्तकांच्या पायऱ्यांनी काठापर्यंत रस्ता. फ्रीजच्या मागे, सोफ्याच्या कापडात आणि वॉशिंग मशीनखाली आधी बॅटरी मारा. तोवर मशीन चालवू नका.

२६. आठ दिवस गावी जायचं आहे.

हॅमस्टरला घरीच राहू द्या आणि शेजाऱ्यांना रोज संध्याकाळी यायला सांगा. रोजच्या खाण्याच्या आठ पुड्या बांधून ठेवा, म्हणजे जास्त घातलं जात नाही. एका रात्रीपेक्षा जास्त काळ कुणी न पाहता ठेवू नका.

२७. आमची बदली ऑस्ट्रेलियात होते आहे. सोबत नेता येईल?

नाही. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये हॅमस्टर पाळायला आणि आणायला बंदी आहे. परदेशी जायचं नक्की असेल तर आता घेऊच नका. आधीच असेल तर टाकी आणि चाकासकट द्यायला घर शोधा. ज्यांना द्याल त्यांना वय, आहार आणि तो एकटाच राहतो हे लिहून द्या. बागेत किंवा टेकडीवर सोडणं म्हणजे त्याला एका रात्रीत घुबडाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी देणं आहे.